खोटं मरण

वज्रेश्वरीआईची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला पटत नसेल त्यानं आत्ताच उठावं. पण मग पुढं काय झालं ते विचारायला परत यायचं नाही.

तर अल्पेश ओरडला, "थांबव. तिथंच थांबव."

परेशनं रिमोट दाबला. टीव्हीवरच्या इन्स्पेक्टरचा हात हवेतच राहिला. सांडोरच्या त्या घरात भर दुपारी तीन मोठे बाप्ये टीव्हीला नाक लावून बसले होते. तुळिंजचा अल्पेश, शेजारचा पास्कल आणि घरचा परेश. पिक्चर जुना, पोलिसांचा. शेवटची मारामारी वसईच्या किल्ल्यातली. तिघांना तो तोंडपाठ होता. भांडण एकच, इन्स्पेक्टरच्या हातात रिव्हॉल्व्हर कोणतं?

"वेब्ली," पास्कल म्हणाला. "नळीखाली बिजागर दिसतंय बघ. मधून मोडतं ते."

"डोळे तपासून घे," अल्पेश म्हणाला. "कोल्ट आहे. हरलास तर कळंबला पापलेट तुझ्याकडून."

"आधी जिंक, मग काटे काढ."

मागं खाटेवर परेशची आजी मनोरमा वालाच्या शेंगा सोलत होती. वेब्ली काय नि कोल्ट काय, तिला दोन्ही सारखीच. तेवढ्यात परेशनं पिक्चर पुढं सोडला. नळीतून धूर निघाला आणि किल्ल्याच्या भिंतीपाशी एक माणूस धाडकन पडला. चौकड्याची लुंगी, हातात केळी कापायचा कोयता. मनोरमाच्या हातातली शेंग हातातच राहिली.

तो तिचा नवरा होता. आत्माराम.

शूटिंगवाले आले तेव्हा त्यांनी गावातलीच माणसं गुंड म्हणून उभी केली होती. आत्माराम स्वतःची लुंगी नि स्वतःचा कोयता घेऊन गेला. अख्खा गाव बघायला लोटला. गोळी सुटली आणि आत्माराम असा पडला, जसा पिकला फणस पडावा. बाया हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं मनोरमा हसली.

सासू जिजा तिच्या कानाशी लागली. "हसतेस काय? रड."

कावळ्यांची जोडी लागलेली कुणाला दिसली, तर त्याच्या घरी खोटा निरोप धाडतात ना, अमका गेला म्हणून? घरचं माणूस ऊर बडवून रडतं. मग खरं काय ते सांगतात, आणि अरिष्ट टळतं. मरण खोटं असलं तरी त्याला आसवं खरी लागतात. ती मिळाली नाहीत तर ते मरण ताटकळत बसतं. जिजाला हेच म्हणायचं होतं. पण समोर नवरा उठून लुंगी झटकतोय, तोंडातली माती थुंकतोय, तर रडायचं कसं? मनोरमाला आणखीच हसू फुटलं.

त्याच वर्षी आत्माराम केळी घेऊन दादरला गेला, तो परत आला नाही. ना प्रेत, ना पत्ता. बारा वर्षं झाल्यावर लोक म्हणाले, आता दिवस घाला, कुंकू पुसा. तिनं दोन्ही केलं नाही. तो पिक्चरही बघितला नाही. घरात त्याचं नाव निघत नसे. आजोबा पिक्चरमध्ये होते, हे परेशलासुद्धा माहीत नव्हतं.

"मागं घे," अल्पेश म्हणाला.

परेशनं मागं घेतलं. धूर नळीत परत शिरला. आत्माराम जमिनीवरून उठला आणि ताठ उभा राहिला.

"पुढं."

पडला.

"मागं."

उठला. तिघांचे डोळे इन्स्पेक्टरच्या मुठीवर.

"अरे, त्या माणसाकडे बघा की कुणीतरी," मनोरमा म्हणाली.

"मेलेल्याला काय बघायचं, आजी?" अल्पेश म्हणाला. "पिस्तूल बघा."

मनोरमानं सूप बाजूला ठेवलं. उठली, टीव्हीसमोर गेली आणि मटकन खाली बसली. आणि तिनं असा हंबरडा फोडला, की मागच्या केळीतले कावळे उडाले. "अहो, गेलात हो मला टाकून. भरल्या ताटावरून उठून गेलात." परेश घाबरला, पाणी आणायला धावला. ती थांबेना. इतक्या वर्षांचं तुंबलेलं होतं ते.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि रीतीप्रमाणं पडद्याकडे बघून सांगितलं, "खोटं होतं हो सगळं. माणूस जिता आहे. उठा आता, घरी या."

घाबऱ्याघुबऱ्या अल्पेशचा हात रिमोटवर पडला. पिक्चर पुढं सरकला. इन्स्पेक्टरनं हात उचलला. धूर निघाला.

कुणी पडलं नाही. भिंतीपाशी कुणी नव्हतंच. नुसता कोयता पडला होता, उन्हात.

"मागं घे," अल्पेश पुटपुटला. मागं घेतलं, पुढं घेतलं. भिंत, ऊन, कोयता. पास्कलनं कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. वेब्ली की कोल्ट, कुणाला आठवलं नाही.

आणि मागच्या विहिरीवर रहाट करकरला. बादली वर आली. वाडीतून आलेला बाप्या घरात शिरायच्या आधी पाय धुतो, तसं कुणीतरी पाय धुतले, खाकरलं. मनोरमानं पदर सारखा केला.

"परेश, चहा टाक," ती म्हणाली. "कोरा. त्यांना दूध चालत नाही."

झालं. एवढंच. आता शपथ घेतलीय म्हणून सांगते, तो विहिरीवरचा आवाज मी पदरचा घातला. त्या दुपारी कुणीही आलं नाही, अजूनही नाही. पण मनोरमानं दाराशी नवा कोयता आणून ठेवलाय. त्यांचा तिकडंच राहिला ना.