नापास अस्वल

बोलकी खेळणी तपासायची त्याची पद्धत ठरलेली होती. पोटावरचं बटण दाबायचं, ‘आई, दार उघड’ म्हणायचं आणि खेळण्यानं तेच त्याच्या आवाजात परत म्हटलं की पास. रोज घरी गेल्यावर हेच म्हणायचं, त्यामुळे वाक्य तोंडात बसलं होतं.

त्या दिवशी एक अस्वल काही केल्या बोलेना. त्यानं सेल बदलले, घसा बसेपर्यंत वाक्य ऐकवलं, पण ते आपलं ढिम्म.

“पुरे आता,” शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली. “त्याला बोलतं करता करता तुम्हीच मुके व्हाल.”

तो हसला. अस्वल नापासांच्या खोक्यात टाकून घरी आला. दार नुसतंच लोटलेलं होतं. आत येऊन त्यानं कडी लावली आणि खुर्चीत बसून बूट काढायला घेतले.

एवढ्यात बाहेरून हाक आली, “आई, दार उघड.”

आवाज त्याचाच होता.

“आले रे,” म्हणत आई स्वयंपाकघरातून आली आणि त्याच्या समोरून सरळ दाराकडे गेली.

“उघडू नकोस,” तो म्हणाला. ओठ हलले, आवाज फुटला नाही.

आईनं कडी काढली.