शर्यतीच्या रविवारचा पाऊस

“घोडी शर्यतीतून काढून घ्या, हैबतराव. घंटा व्हायला अजून अर्धा तास आहे,” जयसिंग म्हणाला.

पश्चिमेकडे आभाळ काळंकुट्ट झालं होतं. पुण्याच्या रेसकोर्सवर मोसमातल्या सर्वांत मोठ्या शर्यतीला जमलेले लोक छत्र्या चाचपत होते. भूगावच्या हैबतराव पाटलांनी मात्र मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

“न्हाई पडत,” ते म्हणाले.

जयसिंग दोन वर्षं या घोडीला, शेवंतीला, तयार करत होता. उन्हाळ्यात तिच्या पुढच्या उजव्या पायाची शीर दुखावली. कोरड्या जमिनीवर पळेल, कदाचित जिंकेलही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण ओल्या मातीत पाय रुतला तर शीर तुटेल. पाय गेलेल्या घोड्याला रेसकोर्सवर गोळी घालतात. ते या दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

शेवंती चार दिवसांची असताना तिची आई गेली. पाटलांनी तिला हातानं दूध पाजून वाढवलं. पाटील पोरांची नावं चुकतात, घोडीचं कधी चुकत नाहीत, असं घरातले चिडवायचे. खरंच, फार जीव होता तिच्यावर. पण ही शर्यत तिनं जिंकावी, हा हट्टही तेवढाच होता. शर्यत चार वर्षांच्या घोड्यांची. पुढच्या वर्षी शेवंतीला त्यात उभं राहता येणार नव्हतं.

यंदाचा पाऊस सरासरीइतका, असं रेडिओनं मे महिन्यातच सांगून टाकलं होतं. हैबतरावांना हसू आलं. चार महिन्यांची गोळाबेरीज घेऊन शर्यतवाल्यानं काय करायचं? त्यांना फक्त एक दुपार हवी होती. मग लांबचा अंदाज आपणच काढायचा, असं त्यांनी ठरवलं. पुण्याचा पाऊस आधी मुळशीवर येतो, हे भूगावात कुणीही सांगेल. आणि मुळशीकडचा पाऊस मोजणारा नथू होता माले गावात. रोज सकाळी साडेआठला भांड्यात साठलेलं पाणी मापायचं, आकडा वहीत लिहायचा, एवढंच त्याचं सरकारी काम. चौदा वर्षं तो ते करत होता.

जूनमध्ये हैबतराव जीप काढून माल्याला गेले. खरं कारण त्यांनी सांगितलं नाही. शर्यतीतल्या गोष्टीचा बोभाटा झाला की तिच्यात राम राहत नाही. आंबेमोहराच्या काढणीला पाऊस कधी उघडतो ते बघायचंय, म्हणाले. नथूनं चहा केला आणि वह्या पुढ्यात ठेवल्या.

शर्यत दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी. हैबतरावांनी पासष्ट सालापासून तेवढाच रविवार काढून पाहिला. शून्य. सहासष्ट, शून्य. सदुसष्ट, शून्य. चौदाच्या चौदा वर्षं शून्य. शनिवारी पाऊस होता, सोमवारी तर जवळजवळ दुप्पट, आणि मधला रविवार कोरडा. तारीख बदलली तरी रविवार कोरडाच. शहाण्या माणसाला इथं शंका आली असती. हैबतरावांना साक्षात्कार झाला. पाऊस शर्यतीपुरता दम धरतो आणि सोमवारी उट्टं काढतो, अशी त्यांची खात्रीच पटली.

“लई इमानानं लिवलंयस, बाबा,” निघताना त्यांनी नथूची पाठ थोपटली. नथूनं मान खाली घातली. कौतुक झालं की माणूस लाजतोच, असं समजून पाटील जीपमध्ये बसले.

आठ दिवस उघडीप होती, त्यामुळे आज सकाळी जमीन चांगली टणक होती. जयसिंगनं ती टाचेनं दाबून पाहिली होती. आता त्याच्या टोपीवर पहिला थेंब पडला. मग दुसरा. बघता बघता सर आली. त्यानं लगाम हातात घट्ट धरला आणि पाटलांकडे पाहिलं. घंटा दहा मिनिटांवर आली होती.

“थांबंल,” हैबतराव म्हणाले. पण आवाज मघासारखा नव्हता.

तेवढ्यात कठड्यापलीकडे, स्वस्त तिकिटाच्या गर्दीत, त्यांना नथू दिसला. डोक्यावर पंचा, हातात शर्यतीचं पुस्तक. पाटलांचा चेहरा उजळला. साक्षीदार आपल्या पायांनी चालत आला होता. त्यांनी हाक मारली. नथू दचकला, आणि इकडंतिकडं पाहत नाइलाजानं कठड्यापाशी आला.

“जयसिंग, ह्यो माल्याचा नथू. मुळशीकडचा पाऊस ह्योच मोजतो,” हैबतराव म्हणाले. “नथू, सांग ह्यास्नी. गेली चौदा वर्सं ह्या रविवारी तितं पाऊस पडला का?”

आता नथूच्या लक्षात आलं, पाटील जूनमध्ये वह्यांत काय शोधत होते ते. त्यानं हातातलं पुस्तक पाठीमागं नेलं. ‘न्हाई पडला’ एवढं म्हटलं असतं तर त्याची नोकरी शाबूत राहिली असती. कुणी काही विचारलंही नसतं. त्यानं शेवंतीकडे पाहिलं. जयसिंग चिखलात उकिडवा बसून तिचा उजवा पाय चोळत होता. ती शांत उभी होती.

“मला कसं म्हाईत असनार, पाटील?” नथू म्हणाला. “ह्या रविवारी मी दरसाल वहीत शून्य लिवून पहाटंच्या यष्टीनं हितं येतो.”