भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं

“याहून मोठा आवाज करणारं नाही का?” एंगेलबर्ट शोल्तिसेकनं विचारलं.

पोलंडच्या बितोम शहरातल्या झानेताच्या औषधी उपकरणांच्या दुकानात लोक येत, सगळ्यात शांत नेब्युलायझर मागत आणि पैसे देऊन जात. तसंच एक तिच्या तळहातावर होतं. साबणाच्या वडीएवढं. औषधाचं धुकं सोडायचं आणि झोपलेल्या मांजरासारखं गप्प राहायचं.

“काका, रोज तीनदा वापरायचंय तुम्हाला, तेही जन्मभर. हेच न्या. शेजाऱ्याला पत्ता लागणार नाही.”

“तेच तर,” एंगेलबर्ट म्हणाला आणि खोकू लागला. कोळशाच्या खाणीतून आणलेला खोकला होता तो. संपेपर्यंत सगळ्यांना थांबावं लागलं.

“याचं डोकं खाणीतच राहिलंय,” त्याची बायको त्रूदा म्हणाली. “पोरी, तू शांतवालंच बांध. आमचा शेजारी देवमाणूस आहे. जिन्यात भेटला की टोपी काढतो. खाणकामगारांच्या संत बार्बराच्या सणाला केक पाठवतो.”

“कोरडा असतो,” एंगेलबर्ट म्हणाला.

मग त्यानं वरच्या फळीवरचं पंपाचं जुनं यंत्र काढायला लावलं. झानेतानं बटण दाबलं. थर्मामीटरच्या डब्या नाचायला लागल्या. एंगेलबर्टच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्यानं यंत्र मागच्या भिंतीला टेकवलं आणि त्रूदाला पलीकडच्या गोदामात पिटाळलं.

“ऐकू येतंय का?”

“मेलेलासुद्धा उठून बसेल.”

“बांधा.”

त्रूदा तणतणत बाहेर आली. “जनाची नाही तर मनाची तरी ठेव. त्या बिचाऱ्याच्या उशाशी रोज तीनदा पिठाची गिरणी लावणार?”

“आणि काका, दोन्हींतून औषध सारखंच जातं,” झानेता म्हणाली. “मग हा हट्ट कशाला?”

एंगेलबर्टनं दम घेतला. “पेन्शनच्या कचेरीतले म्हणाले, हा खाणीचा आजारच नाही. खाण बंद होईपर्यंत तुमची छाती ठणठणीत होती, तशी डॉक्टरची सही आहे. हे नंतरचं, सिगारेटचं. मी म्हटलं, मी ओढत नाही. तर म्हणाले, मग बायको ओढत असेल.”

“मी?” त्रूदा म्हणाली. “कुठल्या मेल्या डॉक्टरनं सही केली?”

एंगेलबर्टनं यंत्राची पेटी बगलेत मारली.

“केकवाल्यानं. खाणीत दरवर्षी माझ्या छातीला नळी लावायचा आणि म्हणायचा, मला तर काहीच ऐकू येत नाही.”