गढूळ पाणी

आबांच्या डोक्यात घरच्या स्विमिंग पूलचं भूत शिरलं होतं. सकाळी उठले की ब्रश घेऊन भिंती घासायच्या, क्लोरीन ओतायचं, फिल्टर उघडून बसायचं, आणि वर घरातल्या सगळ्यांच्या नावानं शंख करायचा, "पाणी गढूळ झालंय, शेवाळ धरतंय, आणि तुम्ही मलाच येड्यात काढताय."

शेवटी त्यांनी पूल साफ करणाऱ्याला बोलावलं. त्यानं काठावर उकिडवं बसून पाणी तपासलं.

"आबा, पाणी काचेसारखं आहे हो. तळाला पडलेली केसांची पिन दिसतेय मला इथनं. आता आणखी क्लोरीन टाकाल तर पोहणाऱ्याची कातडी सोलून निघेल."

"कामचुकार लेकाचा," आबा म्हणाले. "जा, घरी जाऊन झोप."

त्यांची बायको, माई, शेजारीच उभी होती. तिनं वाकून पाहिलं. पिन होती, आणि तिचीच होती. तिनं मान वर करून आबांच्या डोळ्यांकडे पाहिलं.

आबांनी हात पुसले आणि गाडीची किल्ली उचलली. "चला, नातीची शाळा सुटेल. घेऊन येतो."

"आज राहू द्या. मी जाते चालत."

"का बरं? रोज मीच आणतो ना गाडीतून?"

माईनं त्यांच्या हातातली किल्ली काढून घेतली आणि पाण्यात लांब भिरकावली.



"तळाला कुठं पडलीय तेवढं दाखवा, आणि मग खुशाल जा."