ओळखून सोडलेली

बॅगेची चेन चर्रकन ओढली गेली आणि दुपारचं निजलेलं घर जागं झालं.

"झालं बाई एकदाचं," सासूबाई म्हणाल्या. "या खेपेला कात्री नाही, बाटली नाही, सुईसुद्धा नाही. मागच्या वेळी तुझ्या त्या मैत्रिणीनं माझी नखं कापायची कात्री काढून घेतली. जशी काही मी वैमानिकाचीच नखं कापणार होते."

ती हसली. विमानतळावर बॅगा तपासायच्या मशीनवर ती सहा वर्षं बसत होती. घरच्यांची अशी बोलणी तिच्या अंगवळणी पडली होती. ठकी तिच्या पुढ्यात मांडी घालून बसली होती आणि ती ठकीची वेणी घालत होती. सहाच्या विमानानं आजी आणि नात ठकीच्या बाबांकडे निघाल्या होत्या. तिनं मुद्दाम आजची दुपारची पाळी मागून घेतली होती. लेकीची बॅग आईच्याच डोळ्यांखालून जायची, असं मायलेकींचं ठरलं होतं.

फोन वाजला. शेजारच्या मशीनवर बसणारी मैत्रीण. तिनं फोन कान आणि खांदा यांच्यात धरला. हातातले पेड सोडले नाहीत.

"निकाल आलाय," मैत्रीण म्हणाली.

"कसला गं?"

"काल वरची माणसं येऊन गेली, साध्या प्रवाशांसारखी. दहा बॅगा घातल्या आपल्या मशीनमधून. प्रत्येकीत नकली स्फोटकं. दहातल्या सात."

"सातच सापडल्या?"

"सात गेल्या. सापडल्या तीन."

"आई, दुखतंय," ठकी म्हणाली. तिनं पकड सैल केली.

"एक तुझ्याकडून गेलीय. सकाळी साडेनऊच्या सुमाराला. निळी बॅग, आत बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा."

तिला ती आठवली. अगदी लख्ख. डब्यात पावडरीच्या जागी गच्च गोळा, आणि गोळ्यात शिरलेली तार.

"पण मी बटण दाबलं होतं."

"दोनदा दाबलंस. रेकॉर्डवर आहे. साहेब तेच तर विचारताहेत, ओळखली तर सोडली कशी?"

कशी सोडली, हे मशीनवर बसणाऱ्यालाच कळावं. बघणाऱ्याचे डोळे पेंगू नयेत म्हणून मशीन स्वतःच मधूनमधून एखाद्या बॅगेत बॉम्बचं खोटं चित्र घुसवतं. बॉम्ब दिसला की लाल बटण दाबायचं. मग पडद्यावर 'शाबास, हे चित्र सरावाचं होतं' अशी पाटी येते, बॉम्ब पुसला जातो आणि पट्टा पुढे सरकतो. पाटी आली नाही तर समजायचं, बॅगेत खरंच काहीतरी आहे. पट्टा तिथल्या तिथे थांबवायचा. तिला हे पाठ होतं. नव्यांना तीच शिकवायची. पण सहा वर्षांत पाटी आली नाही असं एकदाही झालं नव्हतं. काल बटण दाबलं आणि पाटी आलीच नाही. मशीन सकाळपासून दोन वेळा अडकलं होतं. तिनं पुन्हा दाबलं. रांगेत कुणीतरी घड्याळ बघून 'च्यक' केलं. अडकलं मेलं परत, असं म्हणून तिनं पट्टा पुढे सोडला.

समोर बॉम्ब होता, आणि तिला राग आला होता मशीनचा.

"ऐकतेयस ना?" मैत्रीण म्हणाली. "तू आज येऊ नकोस. चौकशी होईपर्यंत तुला मशीनवर बसवणार नाहीत."

"मग आज कोण आहे?"

"मी. आणि कालचेच बाकी सगळे."

"तुझ्याकडून किती..."

"दोन." मैत्रिणीचा आवाज खाली गेला. "सगळ्यांना उठवलं तर विमानतळच बंद करावं लागेल ना. म्हणून तुला एकटीला उठवलंय. तू बघून सोडलीस. आम्हाला दिसल्याच नाहीत, तर आम्हाला म्हणे शिकवणी लावणार आहेत."

फोन बंद झाला. वेणी अर्ध्यावर उसवली होती. ती पुन्हा वरून घालायला लागली.

"काय गं, चेहरा का असा पांढराफटक?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, आजच जायला हवं का?"

"आता? चार तासांवर विमान आलं आणि आता विचारतेस? तो तिकडे बोटांवर दिवस मोजतोय." त्यांनी बॅग उभी केली, हात झटकले. "आणि विमानाची भीती मला वाटायची, तुला नाही. तूच सांगतेस ना नेहमी, आई, आमच्या मशीनमधून मुंगीसुद्धा सुटत नाही?"

तिनं ठकीच्या केसांचे पुन्हा तीन पेड केले.

ठकी मान न हलवता म्हणाली, "मुंगी नाही सुटत. मी शाळेत सगळ्यांना सांगितलंय. आई, माझी बॅग तूच बघणार ना?"

"नाही गं राणी. आज मी नाहीये तिथे. माझ्या शेजारच्या मशीनवरची मावशी आहे."



"माझी नाही बघितली तरी चालेल. माझ्यात नुसते फ्रॉक आहेत," ठकी म्हणाली. मग मान वळवून तिनं आईकडे पाहिलं. पेड पुन्हा सुटले. "पण आमच्या विमानातल्या बाकीच्यांच्या? तुला दिसतं तसं मावशीला दिसतं?"