उरलेले दोन

छुनह्वाने हातमोज्याचं कापलेलं टोक टेबलावर ठेवलं. "आत बोट नव्हतं म्हणून," ती म्हणाली, "नाहीतर आज तुम्ही मला घास भरवत बसला असता."

गीछानने मान वर केली नाही. बायकोची बॅटरीवर चालणारी छाटणीची कात्री त्याच्यासमोर उघडी पडली होती. काल ती संत्र्याच्या जाड फांदीत अडली, करपल्याचा वास आला, आणि खटका दाबलेला नसताना पातं आपोआप मिटलं.

आतल्या बोर्डावर ओळीने चार ट्रान्झिस्टर होते. त्यांतल्या दोन ट्रान्झिस्टरवर फोड आले होते, वरचे नंबरसुद्धा जळून गेले होते. ते उपटून त्याने तिथे नवे बसवले होते. सोल्डरचा शेवटचा डाग अजून गरम होता.

"हेच मोटरची वीज सोडतात आणि अडवतात," तो म्हणाला. "जळाले की अडवणं विसरतात."

"आणि हे उरलेले दोन?"

"मीटरवर ठीक आहेत."

"काल सकाळी चारही ठीकच होते. एकाच आगीतून निघालेत ना सगळे?"

"तेही बदलायचे तर दुपार होईल. मग छाटणीच्या टोळीत तुझी जागा दुसरीला देतील, आणि तू वर्षभर मला ऐकवशील."

ते खरंच होतं. एके काळी ती सासूच्या जोडीने साध्या कात्रीने गात गात बागा उरकायची. आता मनगटं गेली होती. कोंब फुटायच्या आत छाटणी संपवायची, तर रेंगाळणारी बाई कुणालाच नको होती.

दगडी बांधापलीकडे टेम्पोचा भोंगा वाजला. "छुनह्वा!" टोळीच्या कांग काकी ओरडल्या. "नवऱ्याला सोड की आता! इतक्या वर्षांत बघून झाला नाही का?" टेम्पोत हशा पिकला.

"आले, आले!"

गीछानने झाकण लावलं, बॅटरी बसवली. खट्. खट्. एक वाळकी काटकी दोन तुकडे होऊन पडली.

"बघ. नव्यासारखी."

छुनह्वा कात्री घेऊन अंगणातल्या झाडाशी गेली. "या. फांदी धरा."

"मी?"

"छाटताना माझा डावा हात कुठे असतो, ठाऊक आहे ना?"

"पात्याला लागून. फांदी हलू नये म्हणून."

"मग धरा तसाच."

गीछानने फांदी धरली. छुनह्वाने पातं उघडून फांदीवर टेकवलं आणि त्याच्या हाताकडे पाहिलं. हात वीतभर लांब होता.

"जवळ घ्या."

हात थोडा सरकला आणि थांबला.

"नव्यासारखी आहे ना?"

भोंगा पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक.

छुनह्वाने खटक्यावरचं बोट काढलं. बॅटरी ओढून एप्रनच्या खिशात टाकली. "काकी, तुम्ही निघा!" तिने बांधावरून हाक दिली. "माझी वाट बघू नका!"

काकींनी काहीतरी शिवी हासडली. टेम्पो खडखडत वळणापलीकडे गेला.

"चला, सोल्डरिंग गन तापवा," ती म्हणाली.

गीछान अजून फांदी धरून उभा होता. पात्यात आता जीव नव्हता, तरी त्याचा हात तेवढ्याच अंतरावर होता.