डाव्या हाताचं अक्षर

समजा, तुमची पेन्सिल आज डाव्या हातात आहे. रोजच्या नाही, डाव्या. आता चाररेघी वहीत, मधल्या दोन रेघा न ओलांडता एक गोल काढून बघा. घसरला ना? मीनाचाही घसरायचा. आणि तिला तो तसा घसरायलाच हवा असायचा.

मीना म्हणजे स्वराजची आई. स्वराज सहा वर्षांचा, यंदाच पहिलीत गेलेला. शेरडं आणि आजा वर डोंगरात, कुडपण गावी ठेवून ही मायलेकरं महाडात भाड्याच्या खोलीत राहत होती, ती या इंग्रजी शाळेपायी. बाप मुंबईत कामाला. ज्यांचं लिहिणं मागे राहील त्यांना दिवाळीनंतर खालच्या वर्गात बसवू, असं बाईंनी पालकांच्या सभेत सांगितलं, तेव्हापासून मीनानं धास्ती घेतली होती.

रोज एक पान गृहपाठ असायचा. स्वराजचं अर्धं पान झालं की त्याची बोटं दुखायची, मग डोळे जड व्हायचे. उरलेलं अर्धं मीना लिहायची. उजव्या हातानं लिहिलं तर बाई लगेच ओळखतील, म्हणून डाव्यानं. अक्षर अगदी पोरासारखं वाकडं यायचं. घरमालकीण चंपाबाई दारावरून जाता जाता विचारायची, "पहिलीत नक्की बसलंय कोण गो, तो का तू?"

त्या दिवशी मीना कारखान्यात दिवसभर उभ्यानं खोकी भरून आली, तर स्वराज चंपाबाईच्या पायरीवर बसलेला. उजवा हात खिशात. घरात आल्यावरही त्यानं तो बाहेर काढला नाही. चहात टोस्ट बुडवला तो डाव्या हातानं.

"पडलास काय रे कुठं?"

"नाय."

"मग दाव हात."

त्यानं हात हळूहळू बाहेर काढला. हाताच्या पाठीवर लाल पेनानं काढलेली चांदणी होती. गृहपाठ चांगला झाला की बाई काढायच्या. दुसरं कुठलं पोर असतं तर ती गल्लीभर दाखवत सुटलं असतं.

मीनाचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा उजळला. "चांदणी मिळाली नि लपवतोस कशाला?"

स्वराज चहाकडे बघत राहिला. "बाई बोलल्या, अक्षर सुधारलं." मग म्हणाला, "आजपासून दोन पानं."

 मीनानं भाताचा गॅस बारीक केला, वही उघडून त्याच्या पुढ्यात ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. स्वराज लिहू लागला. अर्ध्या पानावर थांबला, बोटं झटकली, पुन्हा लिहू लागला. पहिलं पान कसंबसं शेवटच्या ओळीपर्यंत गेलं, आणि पेन्सिल त्याच्या हातातून सुटली. त्यानं आईकडे पाहिलं.

तिनं ओढणीला हात पुसले, वही जवळ ओढली, पेन्सिल डाव्या हातात धरली. एक गोल काढला. दुसरा अर्धाच झाला. तिची मान एका बाजूला कलली, बोटं सैल पडली आणि पेन्सिल घरंगळत वहीच्या घडीत जाऊन थांबली.

स्वराजनं तिला हलवलं नाही. त्यानं दप्तरातून लाल स्केचपेन शोधून काढलं. तिचा डावा हात अलगद उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि जीभ दातांत धरून त्यावर चांदणी काढायला सुरुवात केली. एक टोक लांब गेलं, दुसरं आखूड राहिलं. झोपेत तिचा हात जरासा ओढला गेला, तसा त्यानं तो मनगटाशी घट्ट धरला, आणि राहिलेली रेघ पुरी केली.